सतरावी तळटीप

बाणखाडीचे हाफिज अब्दुलगफूर खतीब यांच्याबद्दल गावात दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. एक, त्यांना सबंध कुराण तोंडपाठ होतं. दोन, रमजानच्या तरावीहमध्ये ते म्हणताना पन्नास वर्षांत त्यांना एकदाही लुक्मा घ्यावा लागला नव्हता. पहिली गोष्ट जगात लाखो लोकांना जमते. हाफिजसाहेबांचा जीव होता तो दुसरीत.

लुक्मा म्हणजे घास. तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या, नमाजात इमाम रोज एक पारा, म्हणजे कुराणाचा तिसावा भाग, न बघता म्हणतो. म्हणता म्हणता तो अडला किंवा घसरला, तर मागच्या रांगेतला दुसरा हाफिज त्याला बरोबर शब्द पुरवतो. त्याला म्हणतात लुक्मा देणं. यात कमीपणा काही नाही. मोठमोठ्या हाफिजांना दर रमजानात चार-सहा घास घ्यावेच लागतात. बाणखाडीचे हाफिजसाहेब मात्र पन्नास वर्षं उपाशी होते आणि त्या उपाशीपणाची गोष्ट ते पाहुण्याला चहाच्या आधी सांगत.

बाणखाडीच्या मशिदीची आणखी एक ख्याती होती, ती डासांची. खाडी जवळ, त्यात बायकांच्या खोलीला जाड पडदा, म्हणून तिथे डास जास्त असं सगळे म्हणत. समिती दरवर्षी रमजानाआधी धुराचं यंत्र फिरवी. तरी नमाज ऐन रंगात असताना पडद्यामागून हातावर मारलेला कधीतरी एखादा फटका ऐकू येईच.

हाफिजसाहेबांची मुलगी रुकय्या पुण्यात हस्तलिखितांच्या एका संस्थेत काम करत होती. वय त्रेचाळीस, विषय कुराणाच्या लिखित प्रतींचा इतिहास. ती नमाजही पढत होती आणि पुरावाही मागत होती, आणि दोन्ही एकत्र करण्यात तिला काही अडचण वाटत नव्हती. अडचण वाटे ती तिच्या वडिलांना. बापलेकीचा हा वाद वीस वर्षं चालला होता, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याच्याशिवाय घावन गोड लागत नसे.

"अब्बा, सुरुवातीच्या लिपीत नुक्त्यांची टिंबं नव्हती, जेर-जबरची स्वरचिन्हं नव्हती. नुसता अक्षरांचा सांगाडा," रुकय्या म्हणे. "एकच सांगाडा तीन तऱ्हांनी वाचता येतो. तिसऱ्या खलिफांना एक प्रत पक्की करून गावोगाव पाठवावी लागली, ती उगाच?"

"सांगाडा पुरत होता, कारण वाचणाऱ्याला आधीच पाठ होतं," हाफिजसाहेब म्हणत. "किताब छातीत होती. कागद नंतरचा. तुझी अम्मी डब्यावर नुसता 'म' लिहिते. मीठ, मेथी की मसाला, ते तिला कळतं. तुला कळत नाही म्हणून डब्यातला माल बदलतो काय?"

"त्या डब्यात आता मुरमुरे आहेत," हलीमाबी तव्यावरून नजर न काढता म्हणत. "आणि ते पण संपलेत."

हलीमाबी म्हणजे हाफिजसाहेबांची बायको. लग्न झाल्यापासून एक रिवाज चालू होता. रोज सकाळी पडवीत हाफिजसाहेब एक पारा मोठ्याने म्हणत आणि त्या समोर बसून सुपात तांदूळ निवडत. पारा संपला की तांदूळ संपत. वादात त्यांचा भाग एवढाच असे.

वादाला धार आली ती वाळवीमुळे. मशिदीतल्या मोठ्या कुराणाच्या जुन्या बांधणीला वाळवी लागली. दुरुस्तीला पुठ्ठा उकलला, तर आत जाडी यावी म्हणून घातलेलं कातड्याचं एक पान निघालं. त्यावर बिननुक्त्यांची, पिळदार, फार जुनी अरबी अक्षरं होती. कुठल्यातरी गलबतातून कधीतरी ते आलं असणार आणि बांधणाऱ्याने रद्दी समजून वापरलं असणार. समितीने तीन बैठका घेतल्या आणि रुकय्याला पान पुण्याला न्यायची परवानगी दिली, कारण ती गावची होती आणि हाफिजसाहेबांची होती.

पुण्यात डॉक्टर घैसासांचं यंत्र होतं. नाव मसीवेध. हाफिजसाहेब त्याला डबा म्हणत, पण तो डबा मोठा हुशार होता. जुनी शाई मायफळाच्या काढ्यात लोखंडाचं पाणी घालून करत. लेखणी कातड्यावर फिरली की त्यातलं लोखंड तंतूंत उतरतं आणि वर्षानुवर्षं बाजूला पसरत जातं. शाई खरवडली तरी लोखंड सगळं निघत नाही. मसीवेध हे कण मोजायचा आणि ते किती पसरलेत त्यावरून वय सांगायचा.

त्याहून नवलाची गोष्ट पुढची होती. लेखणी दौतीत बुडवल्यावर पहिली अक्षरं गडद येतात आणि मग फिकट होत जातात. हात थांबला की तिथे शाई साचते. या चढउतारांवरून यंत्र लिहिणाऱ्याची सगळी चाल उलगडून दाखवी. तो कुठे भरभर गेला, कुठे अडखळला, कुठे हात बदलला, सगळं पडद्यावर दिसे. जणू कोणी आता समोर बसून लिहितंय.

गणेशोत्सवाच्या सुट्टीत रुकय्या घरी आली ती पडवीची पायरी चढतानाच बोलायला लागली. पान बाराशे वर्षांपूर्वीचं निघालं होतं, आणि त्यावर दोन लेखनं होती. एक खरवडलेलं, दुसरं त्याच्यावर लिहिलेलं.

"वरचं लेखन आजच्या कुराणाप्रमाणेच आहे, अक्षरन् अक्षर," ती म्हणाली. "पण खालचं बघा."

तिने भिंतीवर चित्र पाडलं. खरवडलेल्या ओळी निळ्या रंगात उमटल्या. हाफिजसाहेब चष्मा लावून पुढे सरकले आणि ओठ हलवत वाचू लागले. सूरह आराफ, कुराणातला एक अध्याय. हजरत मूसा आणि मिसरचा राजा फिरऔन याचे जादूगार यांचा प्रसंग. जादूगार हरतात, कपाळ टेकून सजद्यात पडतात, ईमान आणतात, म्हणजे मूसांच्या ईश्वराला मानतात.

आणि पुढच्याच आयतीवर, पुढच्याच वचनावर, हाफिजसाहेबांचे ओठ थांबले.

ओळी आराफमध्ये राहिल्याच नव्हत्या. त्या सूरह शुअरात शिरल्या होत्या. नवव्या पाऱ्यातून थेट एकोणिसाव्यात, मधले सगळे पारे ओलांडून.

"हा प्रसंग दोन्ही सुरांत आहे," रुकय्या उत्साहाने सांगत होती. "तीन आयती तर जवळजवळ सारख्या. आपण म्हणतो, दोन वेगळी स्थळं. पण या पानावर ती एकच आहेत. म्हणजे आधी मूसांचं एक सलग आख्यान असेल, आणि सुरांची आजची रचना त्यानंतरची. तोवर कुठेतरी टिकलेलं हे जुनं रूप कोणीतरी खरवडून नवं लिहिलं. अब्बा, असा पुरावा आजवर कोणाच्या हाती आलेला नाही."

एरवी हाफिजसाहेबांनी घावन बाजूला सारून तासभर भांडण काढलं असतं. आज ते नुसते भिंतीकडे बघत राहिले.

"लिहिणाऱ्याची चूक असेल," शेवटी ते हळूच म्हणाले.

"त्याचा विचार केलाय ना. त्यात तुमचं नाव आहे." रुकय्या हसली आणि तिने पुण्याच्या चर्चासत्रासाठी लिहिलेल्या निबंधातली सतरावी तळटीप वाचून दाखवली. "'पाठ म्हणणाऱ्याची घसरण ही शक्यता तपासली, परंतु मुरलेले हाफिज या स्थळी घसरत नाहीत. आधार: हाफिज अब्दुलगफूर खतीब, बाणखाडी, मुलाखत. पन्नास वर्षांत एकही लुक्मा नाही.'"

"माझं नाव छापणार?"

"जगभर जाणार, अब्बा."

हाफिजसाहेबांना एकाच वेळी इतका आनंद आणि इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. स्वयंपाकघरात हलीमाबींच्या हातातलं उलथनं क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

आता जे हाफिजसाहेबांनी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगायला हवं. गेल्या रमजानच्या नवव्या तरावीहला ते बरोबर याच जागी घसरले होते. जादूगार सजद्यात पडले, ईमान आणलं, आणि पुढे रस्ता फुटतो तिथे त्यांची जीभ एकोणिसाव्या पाऱ्याकडे वळली. मागे चिपळूणहून आलेला हाफिज उभा होता, पण पन्नास वर्षांच्या नावलौकिकापुढे त्याची जीभ काही उचलली नाही. तेवढ्यात पडद्यामागून फट्कन आवाज झाला.

इमाम चुकला तर पुरुषांनी आवाज द्यायचा आणि बायकांनी तळहात दुसऱ्या हाताच्या पाठीवर मारायचा, हे हाफिजसाहेबांनीच गावाला शिकवलं होतं. तो आवाज त्यांनी ऐकला. कशाचा आहे तेही कळलं. पण वळायचं म्हणजे कबूल करायचं. ते तसेच सात-आठ आयती पुढे गेले आणि पुढच्या रकातीत, म्हणजे नमाजाच्या पुढच्या आवर्तनात, गुपचूप मागे येऊन तो भाग नीट म्हटला. लोकांना वाटलं, हाफिजसाहेबांना ती जागा फार आवडली म्हणून पुन्हा म्हटली. नमाजानंतर समितीचे चिटणीस म्हणाले, "डास फारच झालेत," आणि दुसऱ्या दिवशी धुराचं यंत्र पुन्हा आलं. हाफिजसाहेब मूग गिळून बसले. हलीमाबी सकाळी नेहमीसारख्या तांदूळ निवडायला बसल्या.

पुण्याच्या चर्चासत्राला दोघांना रुकय्याने आग्रहाने बोलावलं. तिने पाठवलेली गाडी बिनचालकाची होती. हाफिजसाहेबांना तिचा भरवसा नव्हता, म्हणून घाट लागल्यापासून ते हळू आवाजात पारा म्हणत होते.

"आपण काही म्हणालात का?" गाडीने विचारलं.

"तुला नाही," हलीमाबी म्हणाल्या.

घाट चढून गेल्यावर हाफिजसाहेब थांबले. त्यांनी घसा साफ केला. "हलीमा, गेल्या रमजानच्या नवव्या तरावीहचं काही आठवतं तुला?"

"डास होते," हलीमाबी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"डास होता की तू होतीस?"

"तुम्हीच सांगा. समितीने तर धूर मारला."

हाफिजसाहेब मनाशी हिशेब मांडत होते. गप्प राहिलो तर लौकिक शाबूत, आणि छापील. पण मग रुकय्याचा निबंध जगभर जाणार. आज ना उद्या कुठल्यातरी गावचा कोणीतरी हाफिज उठून म्हणणार, बाई, इथे आम्ही सगळेच घसरतो. मुलगी परक्यांसमोर तोंडघशी पडणार, आणि तिला पाडणारी तळटीप तिच्या बापाची असणार.

"तोंड उघडलं तर पन्नास वर्षं गेली," ते पुटपुटले.

"पाणी पिता का?" हलीमाबी म्हणाल्या आणि त्यांनी बाटली पुढे केली.

सभागृहात चारशे माणसं होती, आणि पडद्यावर परदेशातली आणखी कितीतरी. डॉक्टर घैसास म्हणजे उंच, किडकिडीत, सतत हात चोळणारे गृहस्थ. त्यांनी यंत्राची ओळख अशी करून दिली, जणू घरातल्या थोरल्या मुलाची मुंज आहे. मग रुकय्या उठली. ती छान बोलली. कोणाच्या श्रद्धेला तिने धक्का लावला नाही आणि पुराव्याला मुरडही घातली नाही. हाफिजसाहेबांचा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी त्यांना आपला सदरा घट्ट वाटू लागला.

मग मसीवेधाने त्या पानाचं लेखन चालतं करून दाखवलं. भिंतीएवढ्या कातड्यावर निळी लेखणी चालू लागली. तीन आयती झरझर गेल्या. लेखणी क्षणभरही न थांबता पुढे निघाली, वाट चुकली, आणि चार ओळींनंतर एकदम थबकली. तिथे शाईचा मोठा ठिपका पडला.

तो ठिपका पाहून हाफिजसाहेबांना भडभडून आलं. तो ठिपका कसला आहे हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्या क्षणी लिहिणाऱ्याला कळलं होतं की आपण घसरलोय. किंवा कोणीतरी त्याला सांगितलं होतं. बाराशे वर्षांनी त्या बिचाऱ्याची चूक भिंतीएवढी करून लावली होती, चारशे माणसं तिला नवा इतिहास म्हणत होती, आणि त्याच्या बाजूने बोलू शकेल असा सभागृहात एकच माणूस होता.

प्रश्नांची वेळ आली. हाफिजसाहेब उभे राहिले. त्यांनी ध्वनिक्षेपक मागून घेतला.

"डॉक्टरसाहेब, खालचं लिहिणं आणि वरचं लिहिणं, यांत किती वेळ गेला?"

घैसासांनी हात चोळले. "दोन्ही थर एकाच शतकातले आहेत. त्यापलीकडे या पानापुरतं यंत्राला सांगता आलं नाही. अंतराच्या रकान्यात शून्य येतंय. शून्य म्हणजे मोजता आलं नाही असं आम्ही धरलं."

"कसलं शून्य?"

"वर्षांचं. रकाना वर्षांचा आहे."

"मग ते मोजलंय त्याने," हाफिजसाहेब म्हणाले. "तुम्ही त्याला वर्षं विचारलीत, म्हणून तो शून्य म्हणाला. त्याला मिनिटं विचारा."

सभागृहात हशा पिकला. रुकय्या हसली नाही. तिने वडिलांचा चेहरा ओळखला होता.

"अब्बा, तुम्हाला काय म्हणायचंय?"

"शागीर्द पाठ लिहीत होता. घसरला. उस्तादने तिथल्या तिथे थांबवलं, खरवडलं, आणि बरोबर लिहून दिलं. तुझं आख्यान-बिख्यान काही नाही, बेटा. हा लुक्मा आहे."

"ही शक्यता आम्ही तपासली," ती सावकाश म्हणाली. "सतरावी तळटीप."

"सतरावी तळटीप चुकीची आहे."

"ती माहिती तुम्ही दिलीत."

"म्हणून तर मला माहीत आहे की ती चुकीची आहे." हाफिजसाहेबांनी श्वास घेतला. आता मागे फिरायला वाव नव्हता. "गेल्या रमजानात मी याच जागी घसरलो. आराफमधून शुअरात गेलो. मला टाळी मिळाली, आणि मी ती घेतली नाही. लोक म्हणाले डास, मी म्हटलं असेल डास. पन्नास वर्षांचं नाव जाईल म्हणून गप्प बसलो. बस्. आता गेलं."

एका जागी उभं राहून पन्नास वर्षं खाली ठेवायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. त्यांना हलकं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. नुसती लाज वाटली.

पहिले बोलले घैसास. "माझे आजोबा वेद म्हणायचे," ते म्हणाले, आणि हात चोळायचं विसरून गेले. "तेही सांगायचे, सारख्या ओळी आल्या की मन बेसावध होतं आणि नको तिकडे वळतं. हाफिजसाहेब, तुम्ही ती जागा म्हणून दाखवाल का? यंत्राला कळू दे कशी घसरण होते ती."

हाफिजसाहेबांनी डोळे मिटले. त्यांचा बेत सरळ होता. आधी बरोबर म्हणायचं, मग रस्ता कुठे फुटतो ते समजावायचं, आणि शेवटी चुकीची वाट दाखवायची. त्यांनी सुरुवात केली. आवाज अजून घोटीव होता. सभागृहातल्या ज्यांना अरबीचं अक्षर कळत नव्हतं तेही सरसावून बसले. जादूगार सजद्यात पडले. त्यांनी ईमान आणलं. आणि हाफिजसाहेब खुशाल, बेत विसरून, एकोणिसाव्या पाऱ्याकडे निघाले.

तिसऱ्या रांगेतून फट्कन आवाज झाला.

हाफिजसाहेबांची जीभ शब्दाच्या मध्येच वळली आणि नवव्या पाऱ्याच्या वाटेला लागली. इतक्या सहज की त्यांना स्वतःलाही कळलं नाही. लोकांना वाटलं, काय झकास करून दाखवलं. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रुकय्याने मात्र आईकडे पाहिलं. हलीमाबी डाव्या हाताची पाठ पदरात लपवत होत्या.

तोपर्यंत घैसासांनी रकाना बदलला होता. वर्षांच्या जागी दिवस, दिवसांच्या जागी तास, तासांच्या जागी मिनिटं. खरवडताना शाई पूर्ण वाळलेली नव्हती, तंतूंत ती ओढली गेली होती. ते कण यंत्राने पुन्हा मोजले. पडद्यावर आकडा आला. चौदा मिनिटं, दोन इकडे किंवा दोन तिकडे. आणि खाली एक ओळ होती: वरचा हात निराळा, अधिक सरावाचा.

रुकय्या खुर्चीवर बसली. तिने निबंधाच्या कागदांकडे पाहिलं. वडिलांना वाटलं, आता ही रडणार. ती कपाळावर हात मारून हसली.

"तीन महिने काम केलं," ती म्हणाली, "आणि चौदा मिनिटांत आटोपलं."

"बेटा, मी तुला आधी..."

"आधी सांगायला हवं होतं. हो. घरी गेल्यावर भांडू." तिने कागद नीट जुळवून ठेवले. "पण अब्बा, हे कातड्यावर लिहिलेलं होतं म्हणून हाती आलं. नुसतं छातीत असतं, तर बाराशे वर्षांपूर्वीचा लुक्मा कोणाला दिसला असता?"

"आणि छातीत नसतं, तर दिसलेला कोणाला वाचता आला असता?" हाफिजसाहेब म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. वाद जिथे होता तिथेच होता, शाबूत, आणखी वीस वर्षं पुरेल इतका. हाफिजसाहेबांना पहिल्यांदा हलकं वाटलं ते तेव्हा.

सभा पांगल्यावर तिघं पहिल्या रांगेत चहा घेऊन बसली. रुकय्याने निबंध उघडला आणि शीर्षक खोडलं. एका उस्तादाने एका शागिर्दाला दिलेला लुक्मा बाराशे वर्षं टिकून राहिलाय, असं आता ती लिहिणार होती. तिच्या मते हे आधीच्या निबंधापेक्षा बरं होतं, आणि मलाही तसंच वाटतं. मग ती सतराव्या तळटिपेपाशी आली.

"मुरलेले हाफिज या स्थळी घसरतात," ती लिहीत म्हणाली. "आधार, हाफिज अब्दुलगफूर खतीब. पन्नास वर्षांत लुक्मे... किती लिहू? आजचा धरून दोन?"

"आजचा कशाला धरतेस? आज मी दाखवत होतो," हाफिजसाहेब म्हणाले. "एक लिही."

"बारा," हलीमाबी म्हणाल्या.

बापलेकींनी मान वळवली. हलीमाबी बशीत चहा ओतत होत्या.

"आजचा एक. गेल्या रमजानातला एक," त्या म्हणाल्या. "आणि दहा त्याच्या आधीचे."

"दहा? कुठले दहा?" हाफिजसाहेबांचा कप वाटेतच थांबला. "मला कधी कोणी दिले?"

"तुम्ही लगेच वळायचात. कोणाला कळायचं नाही, तुम्हालाही नाही. आज वळलात ना, तसेच. मी म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय."

"पण पडद्यामागून तर नुसते..."

ते बोलता बोलता थांबले. पन्नास वर्षांचे रमजान त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. धुराचं यंत्र, चिटणीसांची तक्रार, खाडी, जाड पडदा, आणि ऐन रंगात येणारा तो एक फटका. त्यानंतर प्रत्येक वेळी कशी पुढची आयत आपोआप, अगदी अलगद ओठावर यायची ते त्यांना आठवलं.

"तुला सगळं पाठ आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "केव्हा केलंस?"

"केलं कुठे? तुम्ही म्हणत होतात, मी तांदूळ निवडत होते."

हाफिजसाहेबांनी हातातला कप खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. मग त्यांनी मुलीच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं.

"माझं नाव खोड," ते म्हणाले. "तिथे लिही, आधार, हलीमाबी अब्दुलगफूर खतीब. बाणखाडी. लुक्मे बारा."

रुकय्याने लिहिलं. हलीमाबींनी बशीतला चहा संपवला, कागद हातात घेतला, लांब धरून वाचला आणि परत दिला.

"आणि समितीला एक फोन करा," त्या म्हणाल्या. "म्हणावं, या वर्षी धूर मारू नका. आम्हाला बायकांना फार खोकला येतो."